मृताचे जोडे

इंग्लंडच्या मध्यभागीं डर्बिशायर परगण्यांत मॅटलॉक नांवाचें एक लहानसें गांव आहे. डर्वेंट नदीच्या कांठीं, चुनखडीच्या कड्यांच्या कुशींत वसलेलें हें गांव एकोणिसाव्या शतकांत जलचिकित्सेसाठीं प्रसिद्ध होतें. थंड पाण्याच्या उपचारांनीं दुखणीं बरीं होतात ह्या श्रद्धेनें दूरदूरचे सुखवस्तु लोक तेथें येऊन राहात. जॉन स्मेडली नांवाचा एक कारखानदार हा ह्या चिकित्सेचा मोठा पुरस्कर्ता. त्यानें १८६०नंतरच्या कांहीं वर्षांत गांवावरच्या उंच टेकडीवर स्वतःसाठीं एक भव्य गढी बांधविली. रायबर कॅसल हें तिचें नांव. गांवापासून दोन-तीन मैलांवर क्रॉमफर्ड येथें रिचर्ड आर्कराइटनें १७७१ सालीं पाण्याच्या शक्तीवर चालणारी सूतगिरणी काढली, आणि ज्या यंत्रयुगानें पुढें मुंबईच्या गिरण्यांचीं धुराडीं उभीं केलीं त्याचा उगम ह्याच खोऱ्यांत झाला. थोडक्यांत, हा प्रदेश सुंदर आहे, इतिहासानें समृद्ध आहे, आणि सुटीच्या दिवशीं पाहुण्यांनीं गजबजलेला असतो.

अशा ह्या गांवांत एका सूडाच्या कथेचें चित्रण झालें. ‘डेड मॅन्स शूज’, म्हणजे ‘मृताचे जोडे’, हा तो बोलपट. शेन मेडोज ह्या दिग्दर्शकानें तो काढला आणि २००४च्या आक्टोबर महिन्यांत तो इंग्लंडांत प्रदर्शित झाला. इंग्रजींत मृताच्या जोड्यांची वाट पाहणें हा एक जुना वाक्प्रचार आहे. दुसऱ्याच्या मरणानें रिकामी होणारी जागा आपणांस मिळेल म्हणून ताटकळत राहणें, असा त्याचा अर्थ. येथें तो अर्थ लागू पडत नाहीं. मृताचे जोडे कोणी पायांत घालून चालूंच लागला, तर ते त्याला कोठें घेऊन जातील, असा कांहींसा प्रश्न ह्या नांवांत दडला आहे. आपल्याकडे हा बोलपट फारच थोड्यांनीं पाहिला असेल. त्याच्याहून कितीतरी हलक्या प्रतीचे सूडपट मात्र घरोघर पाहिले जातात.

कथा अशी. रिचर्ड नांवाचा एक तरुण सैन्यांतली नोकरी संपवून आपल्या गांवीं परत येतो. त्याच्याबरोबर त्याचा धाकटा भाऊ अँथनी आहे. अँथनी वयानें मोठा झाला असला तरी बुद्धीनें बालकच राहिला आहे. भाबडा, हंसरा, कोणीहि हांक मारली कीं मागोमाग जाणारा. थोरला भाऊ लष्करांत दूर असतां गांवांतल्या कांहीं टवाळखोरांनीं ह्या भाबडेपणाचा खेळ मांडला. ते कांहीं मोठे दरोडेखोर नव्हेत. चोरून मादक द्रव्यें विकणारी, दिवसा झोंपणारी आणि रात्रीं धुरांत व गप्पांत वेळ दवडणारी ती एक क्षुद्र टोळी आहे. त्यांनीं अँथनीला जवळ केलें तें मित्र म्हणून नव्हे, तर खेळणें म्हणून. दोघे भाऊ गांवाबाहेरच्या एका ओसाड शेतावर मुक्काम करितात आणि रिचर्ड एकेकाचा हिशेब चुकता करूं लागतो. अँथनीचें नेमकें काय झालें होतें, हें प्रेक्षकाला एकदम सांगितलें जात नाहीं. तें कृष्णधवल, धूसर, तुटक अशा दृश्यांतून थोडें थोडें उलगडत जातें, आणि शेवटचा तुकडा जागेवर बसतो तेव्हां आधीं पाहिलेलें सारें निराळें दिसूं लागतें. तो शेवटचा तुकडा येथें सांगणें म्हणजे श्रोत्यांवर अन्याय करणें होय.

आतां पुष्कळांना वाटेल कीं ह्यांत नवें तें काय? सूडाच्या बोलपटांचा सांचा सर्वांना पाठ आहे. खलपुरुष जितका बलाढ्य आणि क्रूर, तितका त्याच्या वधाचा आनंद अधिक. म्हणून लेखक आधीं खलपुरुषाला चांगला पोसतो आणि मग कापतो. मेडोजनें नेमकें उलट केलें आहे. त्याचे दुष्ट लोक इतके सामान्य आणि इतके हास्यास्पद आहेत कीं त्यांच्याकडे पाहून प्रथम हंसूंच येतें. सारी टोळी एका जुन्या, चिमुकल्या, डुगडुगणाऱ्या सिट्रोएन मोटारींत कोंबून बसते आणि त्याच मोटारींतून दरारा बसविण्यास निघते. ते आपसांत भांडतात तेंहि शाळकरी पोरांसारखें. एका रात्रीं ते गुंगींत पडले असतां रिचर्ड घरांत शिरतो आणि त्यांच्या चेहऱ्यांना विदूषकासारखा रंग फांसून निघून जातो. सकाळीं ते एकमेकांकडे पाहतात तेव्हां प्रेक्षकाला हंसूं आवरत नाहीं. पण ज्याला झोंपेंत रंग फांसतां येतो त्याला झोंपेंत गळाहि कापतां आला असता, ही गोष्ट त्यांच्या आणि प्रेक्षकाच्या एकाच वेळीं ध्यानांत येते, आणि तें हंसूं ओठांवरच थिजतें.

रिचर्डची भूमिका पॅडी कॉन्सिडाइन ह्या नटानें केली आहे, आणि ह्या बोलपटाची निम्मी किंमत त्याच्या अभिनयांतच आहे. अंगांत जुना लष्करी कोट, दाढी वाढलेली, चालण्यांत घाई नाहीं. रात्रीं तो विषारी वायूपासून रक्षण करणारा लष्करी मुखवटा चढवून येतो तेव्हां भीति वाटते हें खरें. परंतु मुखवटा नसतांना तो अधिक भयंकर वाटतो. आरंभींच्या एका प्रसंगांत टोळींतल्या एका पोराकडे तो मद्यगृहाच्या कोपऱ्यांतून टक लावून पाहात बसतो. पोरानें विचारतांच तो असा कांहीं खवळून ओरडतो कीं सारी खोली स्तब्ध होते. आणि थोड्या वेळानें बाहेर गांठून त्याच पोराची तो शांतपणें क्षमा मागतो. रागापेक्षां ती क्षमायाचनाच अंगावर कांटा आणते. पुढें दिवसाढवळ्या सारी टोळी त्याला समोरासमोर गांठते. तो एकटा आहे, हातांत कांहीं नाहीं. तो मोटारीपाशीं येतो, आपण काय केलें तें कबूल करितो आणि पुढें काय करणार तेंहि सांगून टाकतो. आवाज चढवीत नाहीं, वेळ मागत नाहीं, सबब सांगत नाहीं. टोळीचा नायक सॉनी हा उंचापुरा, देखणा, गांवाला धाकांत ठेवणारा गडी. ती भूमिका गॅरी स्ट्रेच ह्यानें केली आहे. तो एके काळीं मुष्टियुद्धांत ब्रिटनचा विजेता होता आणि १९९१ सालीं क्रिस यूबँकशीं जागतिक पदकासाठीं लढला होता. असा माणूस एका सडपातळ, निःशस्त्र इसमापुढें शब्द शोधूं लागतो, आणि गांवांतली सत्ता कोणाच्या हातून कोणाच्या हातीं गेली हें एकहि ठोसा न मारतां प्रेक्षकाला कळतें.

ब्रिटिश बोलपटांत ह्या जातीचें गाजलेलें उदाहरण म्हणजे १९७१चा ‘गेट कार्टर’. माइक हॉजेसच्या दिग्दर्शनाखालीं मायकेल केननें त्यांत लंडनच्या एका गुंडाचें काम केलें. भावाच्या मृत्यूचा छडा लावण्यासाठीं हा गुंड न्यूकॅसलला, आपल्या मूळ गांवीं, परततो. आरंभ जवळजवळ सारखाच. वाटा मात्र भिन्न. कार्टरला ऐट आहे, बोलण्यांत धार आहे. त्याच्या निर्दयपणालाहि एक प्रकारचा रुबाब आहे, आणि प्रेक्षक त्या रुबाबाचा आस्वाद घेत राहतो. रिचर्डला असा रुबाब मेडोजनें दिलेला नाहीं. त्याच्या कुऱ्हाडीच्या घावांत कौशल्य दिसत नाहीं, केवळ घाव दिसतो.

सूडाची शोकांतिका हा इंग्रजी रंगभूमीचा फार जुना प्रकार होय. सोळाव्या शतकाच्या अखेरीस टॉमस किड ह्यानें ‘स्पॅनिश ट्रॅजेडी’ लिहून त्याचा पाया घातला आणि शेक्सपियरनें ‘हॅम्लेट’मध्यें त्यावर कळस चढविला. आगरकरांच्या ‘विकारविलसिता’मुळें मराठी वाचकांचा हॅम्लेटशीं परिचय १८८३पासूनचा आहे. त्या नाटकांचा एक अलिखित नियम असा कीं सूड घेणारा हात धुऊन सुखानें घरीं जाऊं शकत नाहीं. आधुनिक सूडपटांनीं हा नियम बहुधा मोडीत काढला. मेडोज तो विसरलेला नाहीं. हॅम्लेटला वध करण्यापूर्वीं शंका छळते. रिचर्डला आरंभीं शंका मुळींच नाहीं. ईश्वर ह्या लोकांना क्षमा करील आणि स्वर्गांतहि घेईल, परंतु आपणांला तें सहन होणार नाहीं, असें तो पहिल्याच दृश्यांत बोलून दाखवितो. त्याची शंका मागाहून, काम जवळजवळ संपल्यावर येते. महाभारतांतील सौप्तिकपर्व ज्यांनीं वाचलें आहे त्यांना हा क्रम ओळखीचा वाटेल. पित्याचा कपटानें वध झाला हें अश्वत्थाम्याचें दुःख खोटें नव्हतें. त्या दुःखाविषयीं कोणाचें दुमत नाहीं. पण झोंपलेल्या शिबिरांतल्या त्या रात्रीविषयीं त्याच्या बाजूनें कोणीहि बोलत नाहीं, आणि कपाळावरची जखम घेऊन तो अजून तेल मागत हिंडतो अशी आपल्याकडे समजूत आहे.

परंतु ह्या बोलपटाचें खरें मर्म सूड घेणाऱ्यांतहि नाहीं आणि सॉनीसारख्या नायकांतहि नाहीं. तें टोळींतल्या अशा एका माणसांत आहे, कीं जो बराच वेळ पडद्यावर येतहि नाहीं. त्यानें ती संगत केव्हांच सोडली आहे. त्यानें संसार थाटला, त्याला दोन लहान मुलगे आहेत. शेजाऱ्यापाजाऱ्यांना तो एक चांगला गृहस्थ वाटत असला पाहिजे. ज्या दिवशीं अँथनीची ती अखेरची थट्टा झाली त्या दिवशीं तोहि तेथें होता. त्याचा मुख्य अपराध एवढाच कीं तो तेथें होता आणि त्यानें थांबविलें नाहीं. जुने सोबती एकामागून एक नाहींसे होऊं लागल्यावर तो आपल्या पत्नीपुढें हें सारें कबूल करितो. तो प्रसंग साध्या घरांत, साध्या शब्दांत घडतो आणि संबंध बोलपटांत त्याच्याइतका बोचणारा दुसरा प्रसंग नाहीं. पत्नी काय म्हणणार? तिच्यासमोर बसलेला माणूस कालपर्यंत जो होता तोच आजहि आहे, आणि तरीहि तो तो राहिलेला नाहीं.

कोणत्याहि शाळेच्या पटांगणांत मधल्या सुटींत हें दृश्य दिसतें. एक मुलगा मध्यें असतो, तिघे-चौघे त्याची टोपी उडवीत असतात, आणि भोंवतीं पंधरा-वीस जण उभे असतात. शिक्षक येतो तो त्या तिघां-चौघांचे कान धरतो. त्या पंधरा-वीस जणांचें काय करावें हें कोणत्याहि शाळेच्या नियमांत लिहिलेलें नसतें. ते घरीं जातात, जेवतात, मोठे होतात, नोकऱ्या धरतात आणि तो प्रसंग विसरूनहि जातात. मधला मुलगा मात्र तो विसरत नाहीं. मेडोजनें त्या भोंवतालच्या कड्यांतला एक मुलगा निवडला, त्याला बाप केलें, आणि वीस पावलांवर कुऱ्हाड घेतलेला माणूस उभा केला. येथपर्यंत प्रेक्षक निःशंकपणें रिचर्डच्या बाजूचा असतो. त्या दोन लहान मुलांकडे पाहून तो पहिल्यानेंच मागें सरतो. आणि रिचर्डचें स्वतःचें मनहि भावाच्या बाबतींत अगदीं निष्कलंक नव्हतें, हें त्यानंतर कळतें. जो दूर होता त्याचाहि हिशेब राहिलेला असतो.

हें कथानक मेडोजला हवेंत सांपडलेलें नाहीं. तो स्वतः स्टॅफर्डशायरमधल्या उटॉक्सिटर ह्या लहान गांवचा. तेथें त्याच्या एका मित्राचा असाच छळ झाला. मित्र मादक द्रव्यांच्या आहारीं गेला आणि अकालीं, स्वतःच्या हातानें, गेला. कांहीं वर्षांनीं मेडोज गांवीं परतला तेव्हां त्या मुलाचें नांवहि कोणाच्या तोंडीं उरलेलें नव्हतें, असें त्यानें पुढें सांगितलें आहे. छळ करणारे बहुधा त्याच रस्त्यावरून हिंडत असतील. ह्या विस्मरणाचा संताप चित्रपटभर धुमसत राहतो, आणि म्हणूनच त्याला धंदेवाईक सूडपटांचा वास येत नाहीं.

मेडोज आणि कॉन्सिडाइन ह्यांची मैत्री बर्टन येथील महाविद्यालयांतली. कथालेखनांतहि कॉन्सिडाइनचा हात आहे, आणि पॉल फ्रेझर हा तिसरा लेखक. मेडोजच्याच १९९९च्या ‘अ रूम फॉर रोमिओ ब्रास’मध्यें कॉन्सिडाइन प्रथम पडद्यावर आला होता. ह्या बोलपटाचा सारा खर्च सुमारे सव्वासात लाख पौंड, आणि चित्रण अवघ्या तीन आठवड्यांत उरकलें. बड्या अमेरिकन कंपन्या ह्याहून अधिक पैसा एका मोटार-पाठलागावर उडवितात. शेफील्डच्या वॉर्प फिल्म्स ह्या नव्या संस्थेचा हा पहिलाच पूर्ण लांबीचा चित्रपट. संवाद पुष्कळ ठिकाणीं नटांनीं तालमींत आणि कॅमेऱ्यापुढेंच जुळवून घेतलेले आहेत, त्यामुळें टोळीची वटवट खरी वाटते. धाकट्या भावाचें काम टोबी केबेल ह्यानें केलें आहे. असें काम करितांना नट बहुधा अतिशयोक्तीच्या खड्ड्यांत पडतो. केबेल एका हंसण्यावर आणि मान वळविण्यावर भागवितो. २०१४ सालीं वानरांच्या एका मोठ्या अमेरिकन चित्रपटांत ‘कोबा’ ह्या वानराच्या भूमिकेंत तो जगभर पाहिला गेला, आणि कॉन्सिडाइन २०२२पासून ‘हाउस ऑफ द ड्रॅगन’ ह्या मालिकेंतला वृद्ध राजा म्हणून घरोघर पोंचला. ह्या दोघांना तेथें पाहून वाखाणणाऱ्यांपैकीं किती जणांना हा लहानसा बोलपट ठाऊक आहे, देव जाणे. २००५ सालीं ब्रिटिश अकादमीच्या उत्कृष्ट ब्रिटिश चित्रपटाच्या पारितोषिकासाठीं त्याचें नांव होतें. पारितोषिक ‘माय समर ऑफ लव्ह’ला मिळालें. गंमत अशी कीं त्या चित्रपटांतहि कॉन्सिडाइन होताच. मेडोजला तें पारितोषिक पुढें ‘धिस इज इंग्लंड’साठीं मिळालें, आणि बहुतेक लोक त्याला त्याच चित्रपटानें ओळखतात.

दोष नाहींत असें नव्हे. मधल्या भागांत टोळीचा विनोद जरा लांबला आहे. स्त्रियांच्या वांट्याला फार थोडें आलें आहे. त्या पत्नीचा अपवाद सोडला तर कोणीहि लक्षांत राहात नाहीं. शेवटीं एस्टोनियन संगीतकार आर्वो पेर्ट ह्याचें ‘डे प्रोफुंडिस’ हें भक्तिसंगीत योजलें आहे. तें स्वतः थोर आहे खरें, पण त्या प्रसंगाला इतक्या मोठ्या आधाराची गरज नव्हती, तो स्वतःच्या पायांवर उभा आहे. आणि एक सूचना घरांतल्या वडील मंडळींना केलीच पाहिजे. हा बोलपट मुलांसाठीं नाहीं. ब्रिटनमध्यें तो अठरा वर्षांखालच्यांस वर्ज्य आहे, तो योग्य कारणानें: भाषा शिवराळ आहे, मादक द्रव्यांचें सेवन उघड दाखविलें आहे, आणि रक्तहि आहे. रक्त इतर सूडपटांच्या मानानें थोडें आहे, पण तें अधिक लागतें, कारण तें ज्यांचें सांडतें त्यांना प्रेक्षकानें नुकतेंच हंसतांना पाहिलेलें असतें.

ज्यांना पाहण्याची इच्छा होईल त्यांनीं इंग्रजी अक्षरपट्टी लावूनच पाहावा. मिडलंड्सची बोली शाळेंत शिकविलेल्या इंग्रजीहून फार निराळी आहे आणि पात्रें तोंडांतल्या तोंडांत बोलतात. सुमारे दीड तासाचा खेळ आहे. मध्यें उठूं नये, आणि पहिलीं पांच मिनिटें तर मुळींच चुकवूं नयेत. जुन्या घरगुती चित्रफितींचे तुकडे दिसतात, त्यांत लहान मुलें बागडत आहेत. त्यांच्या मधून मधून दोन माणसें हिरव्या शेतांच्या कडेनें गांवाकडे चालत येतात, पाठीवर सामान आहे, आणि स्मॉग ह्या नांवानें गाणाऱ्या बिल कॅलहनचा संथ, खर्जांतला आवाज ऐकूं येतो. पुढें टेकडीवरची ती छपर नसलेली गढी येते, तिच्या भिंती येतात, आणि मग सारें संपतें. त्यानंतर कोणी धीर करून चित्रपट पुन्हां आरंभापासून लावला, तर तीच वाट, तेंच कुंपण आणि तीच दोन माणसें त्यानें ह्या वेळीं नीट निरखून पाहावीं.